धोंडूशेटचं नखरेल अक्षर

धोंडूशेट तांबट सकाळी आंघोळ आटोपली की आधी 'ळ'ला नमस्कार करीत आणि मग देवाला. हा 'ळ' पोलादाच्या कांडीवर उलटा कोरलेला होता. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी तो उभा असे आणि बाळकृष्णाला लावलेल्या गंधातलं बोट त्यालाही लागे. मी एकदा विचारलं, "शेट, मान द्यायचा तर 'श्री'ला द्यावा. 'ळ'ला कसला?"

"श्री कोणीही कोरील, मास्तर. 'ळ'ला दोन बाजूंना दोन पोटं आणि मध्ये मुंगीची कंबर. ज्याला 'ळ' साधला त्याला ब्रह्मदेवसुद्धा वचकून असतो."

ब्रह्मदेवाचं मला माहीत नाही, पण ठाण्यातले लोक त्यांना वचकून असत हे खरं. तलावाच्या पाळीजवळ त्यांचा छापखाना होता. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटली की त्यांच्याकडे प्रुफं तपासायला जाई. मी चूक काढायची आणि त्यांनी ती मान्य करायची नाही, असा आमचा रिवाज होता. ऱ्हस्व-दीर्घ ते व्याकरणावरून नव्हे, तर जागेवरून ठरवीत. ओळीच्या शेवटी थोडी मोकळी जागा उरली की कोणतीही वेलांटी दीर्घ होई. मी तक्रार केली की म्हणत, "व्याकरण तुमचं, मास्तर. ओळ माझी."

त्यांचं घराणं मूळचं कल्याणचं. बाप, चुलते, भाऊ सगळे तांब्याची भांडी ठोकणारे. धोंडूशेटही तेच करायचे, पण एका साबणाच्या डबीनं त्यांचं वाटोळं केलं. निदान त्यांचे भाऊ तरी असंच म्हणत. रेल्वेतल्या कोणा साहेबानं फेकलेली ती विलायती डबी त्यांच्या हाती लागली. झाकणावर इंग्रजी अक्षरं होती. धोंडूशेटना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यातल्या 'एम'चा एक पाय हत्तीचा आणि दुसरा बगळ्याचा आहे हे त्यांना दिसलं. जिथं जाड तिथं लोण्याच्या गोळ्यासारखं जाड, आणि जिथं बारीक तिथं नुसता केस. "साहेबानं अक्षराला लंगडं केलं आणि तरी ते डौलात चालतंय!" असं म्हणत ते ती डबी घेऊन दिवसभर कल्याणच्या बाजारात हिंडले आणि दिसेल त्याला झाकण दाखवत राहिले. लोकांना वाटलं, तांबटाचा पोरगा साबण विकतोय.

त्या काळी आपल्या छापखान्यांत बाळबोध अक्षर म्हणजे एकसारखं, पोटभर जेवून बसलेलं अक्षर. धोंडूशेटनी ठरवलं की मराठीलाही असा डौल आणायचा. पोलादाच्या कांड्यांवर एकेक अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसं ओतून खिळे पाडायचे. हे सगळं ते स्वतःच्या हातानं करीत. किती वर्षं लागली ते त्यांनाही सांगता येत नसे. पण अक्षर जन्माला आलं तेव्हा खरंच बघण्यासारखं होतं. उभा दंड देवळाच्या खांबासारखा भरदार, शिरोरेघ मात्र सुताएवढी. गाठी टपोऱ्या, आणि काना-मात्रांतली मात्रा म्हणजे कोणी पापणीचा केस उपटून वर ठेवल्यासारखी. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'नखरेल'.

ही नखरेल कुठं वापरायची आणि कुठं नाही याचे त्यांचे नियम शास्त्रासारखे कडक होते. पुस्तकाचं नाव, लग्नपत्रिकेचा मथळा, अत्तराच्या कुपीवरची चिठ्ठी, नाटकाची जाहिरात, एवढंच. "ही गाणारी बाई आहे," ते म्हणत, "हिला दळायला बसवू नका." श्राद्धाची आमंत्रणं, लिलावाच्या नोटिसा, हरवलेल्या बैलाचं वर्णन या गोष्टींना साधे खिळे.

आमच्या गावात एक कवी होते. त्यांनी हट्ट धरला की आपलं अख्खं काव्य, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, नखरेलमध्येच आणि तेही लहान आकारात छापलं पाहिजे. धोंडूशेटनी खूप सांगून पाहिलं, "अहो, लहान केली की हिची जीभ अडखळते." कवी ऐकेनात. शेवटी छापलं. पान उघडलं की नुसते काळे खांब दिसत. मधल्या रेघा कुठं गेल्या ते देव जाणे. कुंपणाच्या फटीतून पलीकडचं घर बघावं तसं ते वाचावं लागे. दोन पानं वाचली की माणसाच्या डोळ्यांना पाणी येई. कवी आनंदानं सांगत सुटले की आपलं काव्य वाचून अख्खं ठाणं रडलं.

दुसरी कथा म्हशींची. तलावात म्हशी धुऊ नयेत अशी नोटीस छापून हवी, असा कचेरीतून निरोप आला. धोंडूशेट साफ म्हणाले, "माझ्या अक्षरात म्हैस बसायची नाही." पण नेमके साधे मोठे खिळे तेव्हा झिजलेले होते आणि कचेरीचं काम टाळताही येत नव्हतं. नाइलाजानं त्यांनी नखरेलमध्ये नोटीस छापली. एकदा छापायचंच ठरल्यावर मग हात आखडता घेतला नाही. भोवती वेलबुट्टीची चौकटही घातली. कागद तलावाभोवती झाडांना लावले आणि दुसऱ्या दिवशी एकही जागेवर नव्हता. लोकांनी घरी नेऊन देवांच्या तसबिरींशेजारी चिकटवले होते. बाळकुमचा एक गवळी तर आमच्याकडे आणखी एक मागायला आला. म्हणाला, "मास्तर, आमच्या म्हशीचा नाव छापलाय म्हनं. गोठ्यात लावीन म्हनतो." म्हशी पूर्वीसारख्याच तलावात डुंबत राहिल्या.

नखरेलचा खरा रोग तिच्या मात्रेत होता. इतकी बारीक मात्रा दाबाखाली टिकायची नाही. शंभर कागद निघाले की ती मोडायची, आणि 'ओ'कार होता तिथं नुसता काना उरायचा. आमच्या आळीतल्या वैद्यबुवांनी पोटदुखीच्या औषधाच्या बाटल्यांसाठी चिठ्ठ्या छापून घेतल्या. पोटाची मात्रा मोडली आणि राहिलं 'पाटदुखीवर रामबाण'. खेड्यातल्या माणसांना वाटलं, वैद्यांना 'पाठ' म्हणायचंय. मिठागरातली वाकून वाकून कंबर मोडलेली माणसं रांग लावून आली आणि ते पाचक पाठीला चोळून गेली. गंमत म्हणजे त्यांना उतार पडला. वैद्यबुवा भांडायला म्हणून आले ते आणखी तशाच चिठ्ठ्या सांगून गेले.

पण सगळेच वैद्यबुवा नसतात. जो तो धोंडूशेटना सांगे, "अहो, मात्रा जरा जाड करा." मीही सांगत असे. त्यावर ते डोळे बारीक करून आपल्याकडे असे बघत, की जणू त्यांच्या लेकीच्या नाकाडोळ्यांत आपण खोट काढली. "जाड केली तर ती वाचता येईल, मास्तर. पण मग बघायचं कशाला?"

आता वहिनींविषयी सांगायला हवं, कारण त्या छापखान्याचा खरा कारभार त्यांच्या हाती होता. धोंडूशेट बायकोचं नाव घेत नसत; त्या काळी कोणीच घेत नसे. ते म्हणत "घरातून". नवं प्रूफ निघालं की मी ते तपासायचो, मग धोंडूशेट ते आत घेऊन जायचे, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन ऐटीत सांगायचे, "घरातून मंजूर!" ती मंजुरी आली की माझ्या खुणा केरात. आतून "नाही" आलं तर मात्र अख्खं पान मोडून पुन्हा जुळवायचं.

वहिनींना त्यांनीच वाचायला शिकवलं होतं. चुलीशेजारी शिशाचे खिळे मांडून, अक्षर उलटं कसं आणि छापल्यावर सुलटं कसं हे दाखवत. आळीतल्या बायका कुजबुजत, बायको वाचायला लागली की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. धोंडूशेट म्हणत, "माझं आयुष्य शिशाच्या धुरानं कमी होणारच आहे. आळ तिच्यावर कशाला?" त्यांचं म्हणणं असं, की आपण अक्षर बघतो, आपल्याला ते वाचायचं भान राहत नाही; कोरणाऱ्याला फक्त पोट, कंबर नि पाय दिसतात. वाचणारं माणूस घरात हवं. त्यांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी काम संपलं की ओटीवर दोघं बसत आणि छापलेल्या कागदांवरून भांडत. "या 'भ'ला मुरड जास्त झाली." "कुठं जास्त? तुलाच सवय नाही." असं चालायचं. मुलांवरून भांडतात तसं.

तर एकदा कल्याणच्या एका बड्या जमीनदारांच्या मुलाची लग्नपत्रिका आमच्याकडे आली. भाऊसाहेब त्यांचं नाव. माणूस तालेवार, पण हुंड्याच्या बाबतीत पंचक्रोशीत नावाजलेला. मुलीकडच्यांकडे त्यांनी घागर-तांब्यासुद्धा मागे ठेवला नाही असं लोक बोलत. त्यांच्या हट्टानं पत्रिका सगळी नखरेलमध्ये छापायची होती. प्रूफ काढलं. शेवटची ओळ 'लोभ असावा हे विनंती', आणि तिथं पहिल्याच अक्षराची मात्रा उमटली नव्हती. मी शाईनं भली मोठी खूण केली. धोंडूशेट प्रूफ आत घेऊन गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "घरातून मंजूर!"

"शेट, शेवटच्या ओळीत मात्रा नाही."

"असणार. तुमच्या चष्म्याला दिसत नसेल. तिनं बघितलीय. म्हणाली, केसासारखी उतरलीय."

छपाई झाली. पत्रिका कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत घरोघर गेल्या, आणि प्रत्येक पत्रिकेच्या शेवटी भाऊसाहेबांच्या नावाच्या अगदी वर ठळक अक्षरांत होतं, 'लाभ असावा हे विनंती'.

कल्याण हसलं. नुसतं हसलं नाही, लोटपोट झालं. लग्नात जेवणाच्या पंगतीत आग्रह करताना लोक एकमेकांना म्हणू लागले, "घ्या हो, घ्या, लाभ असावा!" विहीणबाईंनी म्हणे पत्रिका जपून ठेवली.

लग्न झालं आणि भाऊसाहेब दमणी जुंपून थेट छापखान्यात आले. पत्रिका धोंडूशेटच्या तोंडासमोर नाचवत त्यांनी आवाज चढवला, "ही कुणाची करामत? फिर्याद करीन! कुणी तपासलं हे?"

मी उठून उभा राहिलो. माझी खूण केलेलं प्रूफ तिथंच तारेला अडकवलेलं होतं. एरवी असा कोणी वरच्या पट्टीत आला की धोंडूशेट त्याच्याहून वरच्या पट्टीत जायचे. नखरेलवर शब्द आला तर प्रत्यक्ष कलेक्टराशी भांडायची त्यांची तयारी असे. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते पत्रिका हातात घेऊन बघत राहिले. अंगठा त्या ओळीवरून फिरवला. आणि म्हणाले, "मी तपासलं. चूक माझी आहे."

भाऊसाहेबसुद्धा गोंधळले. भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडण मिळालं नाही की त्याची फार पंचाईत होते. थोडा वेळ पुटपुटून ते दमणीत बसले आणि गेले.

धोंडूशेट मला म्हणाले, "चला, मास्तर. घरात."

वहिनी मधल्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. धोंडूशेटनी पत्रिका त्यांच्या हातात दिली. "जरा शेवटची ओळ वाच गं."

वहिनींनी कागद समोर धरला, डोळे जरा किलकिले केले आणि गोड आवाजात वाचलं, "लोभ असावा हे विनंती."

"मात्रा कशी उतरलीय?"

"सुरेख. केसासारखी. तुमची मात्रा कधी वाईट असते का?"

माझी नजर सुपाकडे गेली. निवडून बाजूला सारलेल्या तांदळात खडे तसेच होते. वहिनींची बोटं दाण्यांवरून हळूहळू चाचपडत होती. धोंडूशेटनी वाकून त्यातले दोन खडे अलगद उचलले आणि मुठीत धरले. "छान," ते म्हणाले, "मंजूर तर मग."

बाहेर आल्यावर ते तडक पाळीपर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "मोतीबिंदू असणार. कधीपासून कोण जाणे. आणि मला बोलली नाही. सगळं मंजूर करत बसली." पुढं म्हणाले, "मास्तर, आत काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही."

"नाही पाहिलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर गेलो तर छापखान्यात धूरच धूर. शेगडीवर शिशाची कढई आणि धोंडूशेट मुठी भरभरून नखरेलचे खिळे तिच्यात सोडत होते. मी धावतच गेलो. "शेट! अहो, हे काय करता?"

"वितळवतोय. नवं कोरणार."

"त्या भाऊसाहेबाला भ्यालात?"

"त्याला कोण भितंय? फ्याशन बदलली, मास्तर. आता विलायतेत जाड मात्रा चालते."

विलायतेतली मात्रा! गावात मात्र सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. भाऊसाहेब म्हणाले, माझ्या दमानं झालं. कवी म्हणाले, माझ्या दुसऱ्या आवृत्तीसाठी झालं. वैद्यबुवा तेवढे हळहळले. त्यांना 'पाटदुखी' पुन्हा छापून हवी होती.

पावसाळाभर धोंडूशेट कोरत होते. मी शेजारी बसून बघत असे. ज्या हातानं आयुष्यभर रेघ बारीक केली त्या हाताला ती जाड करताना जड जात होतं. एखादी मात्रा कोरून झाली की ते कांडी दूर धरून बघत, तोंड कडू करत आणि पुन्हा हातात घेऊन आणखी जाड करत. "म्हैस झाली आहे," एकदा पुटपुटले, "पण म्हशीला दुरून ओळखता येतं." वहिनींसाठी मुंबईहून चष्मा आणवला होता, त्यानं फरक पडला नाही. कोणी म्हणालं, एक वैद्य सुईनं मोतीबिंदू काढतो. वहिनींना ते ऐकूनच घेरी आली. त्यांच्यापाशी डोळ्यांची गोष्ट कोणी काढायची नाही, असा धोंडूशेटचा हुकूम होता. चष्मा दिला तोही "उन्हासाठी" म्हणून.

दसऱ्याच्या सुमारास नवे खिळे पडले. पहिलं काम आलं कल्याणच्या एका मिठाईवाल्याचं: 'ताजे पेढे, गोड पेढे, रोज मिळतील'. धोंडूशेटनी मोठ्यातले मोठे खिळे घेतले, स्वतः जुळवले, स्वतः शाई लावली. प्रूफ निघालं. मी बघितलं; खरं सांगायचं तर अक्षर कुरूप होतं. आधीच्या नखरेलची थोरली, नांगर धरलेली बहीण म्हणावी असं.

प्रूफ वाळायचीही वाट न बघता ते आत गेले. या वेळी मलाही मागून यायची खूण केली. वहिनी ओटीवर उजेडात बसल्या होत्या. त्यांनी कागद घेतला. सवयीनं ओठांवर "सुरेख" आलंच होतं, ते तिथंच थांबलं. कागद त्यांनी जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या, चुलीपाशी पहिल्यांदा शिकताना लावत असतील तसं.

"ता... जे... पे... ढे." त्या थांबल्या. पुन्हा वाचलं, या वेळी भरभर. मग मान वर केली. कपाळाला आठी होती.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"का? काय झालं?"

"पेढे आहेत की भाकऱ्या? ही मात्रा बघा, वरवंटा ठेवल्यासारखी! आणि या 'ढ'चं पोट! शी! काय सुंदर होतं आधीचं. कुणी सांगितलं तुम्हाला हा उद्योग करायला?"

"वाईट दिसतंय?" धोंडूशेटनी विचारलं.

"वाईट म्हणजे? फारच वाईट दिसतंय!"

अख्ख्या ठाण्यात नखरेलला कोणी नाव ठेवलं की अंगावर जाणारा हा माणूस बायकोच्या शेजारी ओटीवर मांडी घालून बसला. कागदाचं दुसरं टोक त्यांनी आपल्या हातात धरलं. चेहऱ्यावरचा आनंद लपवायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं.

"कुठं कुठं वाईट दिसतंय? एकेक दाखव बघू," ते म्हणाले. वहिनी बोट ठेवून दाखवू लागल्या, आणि प्रत्येक अक्षराला ते मान डोलवून विचारत राहिले, "आणि? आणखी कुठं?"